आगमनकाळातला शांत माणूस

ग्राइंडिंगचं मशीन मध्येच बंद पडलं तेव्हा त्याला वाटलं, वीज गेली असावी. भोंग्यानं ते स्वतःहून बंद केलं असेल अशी शंकासुद्धा त्याच्या मनाला शिवली नाही. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात (मालक त्याला लॅब म्हणत, कारण कारखाना म्हटलं की डेंटिस्टांना आपण चपला करून घेतोय असं वाटतं) भोंगा गेली नऊ वर्षं त्याच्या शेजारच्या टेबलावर बसत होता आणि नऊही वर्षं मशीनच्या वर आवाज चढवून बोलत होता. मशीन नसतं तरी तो तेवढ्याच मोठ्यानं बोलला असता. मशीन हे निमित्त. टोपणनाव मालकांनी ठेवलं होतं आणि भोंग्यानं ते पदवी मिळाल्यासारखं मिरवलं होतं. आता तो तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढून, भुवयांवर गुलाबी भुकटी घेऊन त्याच्यासमोर उभा होता आणि चक्क कुजबुजत होता.

"तुला एक सांगायचंय, राव. हसणार नाहीस ना?"

नऊ वर्षांत तो भोंग्याच्या एकाही विनोदावर हसला नव्हता, तेव्हा प्रश्न अनाठायी होता.

"मी बाप्तिस्मा घेतोय. तुमच्याच चर्चमध्ये. नाताळच्या आधीच्या रविवारी. पाळकसाहेबांशी बोलून झालंय माझं. त्यांनी विचारलं, कुणामुळे? मी म्हटलं, याच्यामुळे."

त्याच्या हातात त्या वेळी एका म्हातारीची खालची दाढ होती. ती त्यानं मेणात बसवली आणि मग त्याच्या लक्षात आलं की उजवीकडची दाढ आपण डावीकडे बसवलीय. ही चूक शिकाऊ पोरंसुद्धा करत नाहीत. "माझ्यामुळे?" त्यानं विचारलं.

"मागे मी तुझा तो ट्रे पाडला होता, आठवतं? सगळे जबडे फुटले होते. आणि मालकांना सांगितलं, यानंच कडेला ठेवला होता. तू ऐकत होतास. एक शब्द बोलला नाहीस. नुसतं बघितलंस माझ्याकडे. राग नाही, काही नाही. एकदम शांत. त्या दिवशी घरी जेवण जाईना मला. म्हटलं, या माणसाकडे असं काहीतरी आहे, जे आपल्याकडे नाही. तेव्हापासून बघतोय तुला. डेंटिस्ट फोनवर बोंबलतात, तू शांत. मालक झापतात, तू शांत. मी एवढी बडबड करतो, तू..." इथे भोंग्याचा आवाज दाटला, म्हणजे इतरांचा साधा आवाज असतो तेवढा झाला. "साक्षीला तूच उभं राहायचंस."

ट्रेचा प्रसंग त्याला चांगला आठवत होता. जमिनीवर प्लॅस्टरचे जबडे आ वासून पडलेले, मालकांच्या कपाळावरची शीर, आणि मालकांच्या नि त्याच्या मधे उभा राहून खोटं बोलणारा हा इसम. त्या क्षणी आपण काय विचार केला तेही त्याला शब्दन् शब्द आठवत होतं. या गाढवाशी बोलायला तोंड उघडणं हा तोंडाचा अपमान आहे, असा तो विचार होता. क्षमेचा त्यात मागमूस नव्हता. क्षमा करायला समोरच्याची आधी दखल घ्यावी लागते. इतर लोक जसे रक्तदाब बाळगतात तसा तो तुच्छता बाळगून होता: बाहेरून काही दिसत नाही, माणूस आपलं काम करत असतो, आणि आत सतत काहीतरी चढलेलं. डेंटिस्टांना तो तुच्छ मानत असे, कारण ते मापं वाकडी घेत आणि कवळी हलली की लॅबवर खापर फोडत. मालकांना तुच्छ मानत असे, कारण ते डेंटिस्टांपुढे शेपूट हलवत. आणि रविवारी चर्चमध्ये बसल्यावर तर निवड करणंच अवघड जाई. ज्या माणसाच्या गाडीच्या मागच्या काचेवर 'मी जगाचा प्रकाश' असं स्टिकर होतं तो ती गाडी दर रविवारी शेजारच्या घराच्या फाटकात आडवी लावून आत स्तुतिगीत गायला येई. सेक्रेटरीणबाई नाताळाआधीच्या चार रविवारांच्या चार मेणबत्त्या कुणी पेटवायच्या यावरून ऑक्टोबरपासून तीन घरांशी अबोला धरून होत्या. आणि या वर्षी पाळकसाहेबांनी नवीनच टूम काढली होती. आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या या चार आठवड्यांत, प्रत्येकानं कुणा एकासाठी दिवा व्हायचं. निदान एका माणसानं तुमच्याकडे बघून म्हणावं की याच्यात काहीतरी आहे. सगळ्या मंडळीनं डोळे मिटून मान डोलावली होती. यानंही डोलावली होती, मान आखडली होती म्हणून. आणि त्या सगळ्या दिव्यांत पेटलं कोण, तर हा.

दिवा होण्याचं शिक्षण मात्र त्याचं पक्कं झालेलं होतं. त्याचे बाबा शाळेत भूगोल शिकवत आणि रविवारी, पाळक आजारी असले तर, उपदेश करत. पाळक आजारी पडावेत अशी ते प्रार्थना करत नसावेत, पण पडले की त्यांचा चेहरा खुलत असे. बाबांचा एक नेम होता. आगमनकाळ लागला की ते घरातले सगळे पडदे धुवायला काढायला लावत आणि धुतलेले पडदे नाताळपर्यंत परत लावू देत नसत. तळमजल्यावरचं घर, खिडक्या रस्त्याला. येणाऱ्याजाणाऱ्यानं बघावं, की देवाला मानणारं कुटुंब कसं राहतं, कसं जेवतं, एकमेकांशी कसं बोलतं. संध्याकाळी दिवे लावले की घर दुकानाच्या काचेसारखं उजळे आणि त्यात ते चौघं मांडलेले असत. आई, बाबा, ताई आणि तो. रडायचं असलं तर न्हाणीघर होतं. मारामारी करायची तर तिथेच, नळ सोडून. आईबाबा भांडत, भरपूर भांडत, पण ते हसऱ्या चेहऱ्यानं, ओठ न हलवता, पानात भाजी वाढता वाढता. "तुमच्या आईनं माझं आयुष्य नासवलं," आई भाताचा डाव पुढे करत गोड हसून म्हणे, आणि बाबा तितकंच गोड हसून म्हणत, "हळू बोल, समोरच्या बाई बघतायत." ताईला ते कधी जमलं नाही, ती हसायला जाई आणि तिला उचकी लागे. त्याला जमलं. त्याला कुणापेक्षाही चांगलं जमलं. त्यानं हसणंसुद्धा टाकून दिलं आणि असा एक चेहरा तयार केला ज्यावरून बघणाऱ्याची नजर पाण्यासारखी ओघळून जाईल: पापण्या किंचित खाली, ओठ मिटलेले पण आवळलेले नाहीत, कपाळ कोरं. रस्त्यावरून जाणारे बायकापुरुष त्याच्याकडे बोट दाखवून म्हणत, किती गुणी मुलगा. त्या सगळ्यांना मूर्ख समजायला तो तिथेच शिकला.

घरी त्यानं बायकोला सांगितलं तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं आधी नीट ऐकून घेतलं. मग हातातली उशीची खोळ तोंडावर धरून ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

"तुमच्यामुळे?"

"माझ्यामुळे."

"तुमच्याकडे बघून तो माणूस देवाकडे चाललाय?" तिनं डोळे पुसले. "अहो, मला लग्नानंतर दोन वर्षं लागली, ती शांती नाही हे कळायला. माझ्या आईला तर अजून नाही कळलेलं. ती म्हणते, जावई किती सोशीक."

"मग आता काय करू?"

"सांगून टाका त्याला."

"काय सांगू? मी तुला गाढव समजत होतो, असं?"

"हो. तसंच."

"आणि त्याचा बाप्तिस्मा बोंबलला तर?"

बायकोनं घडी मोडली आणि पुन्हा घातली. "कमाल आहे. त्याच्या बाप्तिस्म्याची काळजी तुम्हाला कधीपासून?" ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता गठ्ठा उचलून आत गेली.

काळजी नव्हतीच. होती ती एक किळसवाणी अस्वस्थता, कुणीतरी आपला टूथब्रश वापरतंय हे कळल्यासारखी. ती घेऊन तो पाळकसाहेबांकडे गेला. पाळकसाहेब दिव्यांच्या माळेतला गुंता सोडवत बसले होते. त्यांनी उठून त्याला मिठी मारली. माळेसकट मारल्यामुळे सुटताना वेळ लागला.

"पाळकसाहेब, गैरसमज झालाय. मी त्या माणसाला तुच्छ मानतो."

"आपण सगळेच स्वतःला फार कमी लेखतो," पाळकसाहेब म्हणाले.

"स्वतःला नाही. त्याला. आणि खरं सांगायचं तर बहुतेक सगळ्यांनाच. मला माणसं आवडत नाहीत."

"आणि तरी तुम्ही दर रविवारी येता!" पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. "याला म्हणतात नम्रता. हे बघा, त्या दिवशी बाप्तिस्म्याच्या आधी तुम्ही पाच मिनिटं बोलायचं. मुद्दे काढायचे नाहीत, मनापासून बोलायचं. या वर्षी मंडळीत दुसऱ्या कुणामुळे कुणी आलेलं नाही, त्यामुळे वेळ आहे." त्यानं पाळकसाहेबांकडे बघितलं. त्याच्या त्या ठरावीक बघण्यानं बघितलं. पाळकसाहेबांनी आपला हात त्याच्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाले, "हेच. त्याला यातच दिसलं असणार."

पुढच्या आठवड्यात लॅबमध्ये एक विचित्र प्रकार सुरू झाला. भोंगा गप्प झाला. आधी मालकांना वाटलं, घसा बसलाय. त्यांनी गरम पाणी आणवलं. मग वाटलं, पगारावरून रुसलाय. त्यांनी दोन दिवस त्याच्या टेबलाकडे जाणं टाळलं. मशीनची घरघर पहिल्यांदाच नुसती घरघर म्हणून ऐकू येऊ लागली आणि ती असह्य होती. नऊ वर्षं त्यानं या शांततेची वाट पाहिली होती. आता ती आली होती तर मेणाची सुरी तापवताना त्याचं लक्ष सारखं शेजारी जात होतं, दुखऱ्या दाताकडे जीभ जाते तसं. भोंगा मान खाली घालून काम करत होता. कुणी काही बोललं की तो हळूच मान वर करी, पापण्या किंचित खाली, ओठ मिटलेले पण आवळलेले नाहीत, कपाळ कोरं, आणि नुसतं बघे. पोऱ्यानं चहा सांडला तरी तेच. एका डेंटिस्टानं फोनवर आईबहिणीचा उद्धार केला तरी तेच. ढोबळ होतं, पाटीवर रंगवलेल्या चित्रासारखं, पण ओळख पटण्याइतकं हुबेहूब होतं. आपला चेहरा बाहेरून त्यानं असा कधी पाहिला नव्हता. आरशात तो फक्त दाढीपुरता पाहत असे.

"जमतंय का रे?" भोंग्यानं दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत विचारलं, हळू आवाजात. "आतून उकळतं राव अजून. पण चेहऱ्यावर येऊ देत नाही. शनिवारी नीट जमायला पाहिजे. पोरगी येतेय."

पोरीची गोष्ट अख्ख्या लॅबला पाठ होती, कारण भोंग्यानं ती मशीनवरून शेकडो वेळा ओरडून सांगितली होती. त्याला नको होता त्याच मुलाशी तिनं लग्न केलं. भोंग्यानं जिन्यात उभं राहून सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात तिला सांगितलं की तू मला मेलीस. ती बॅग घेऊन उतरली. त्यानंतर बापलेकीत एक शब्द नाही. तिला मूल झालं तेही त्याला तिऱ्हाइताकडून कळलं. त्या दिवशी त्यानं एका आजोबांच्या वरच्या कवळीचे सुळे घासून सपाट करून टाकले होते.

"मीच फोन केला," भोंगा म्हणाला. "बाप्तिस्म्याला ये म्हटलं. ती म्हणाली, आधी भेटू, घरी नाही येणार, लॅबवर येते. या वेळी ओरडणार नाही मी. तू जसा माझ्याकडे बघितलास ना, तसं बघणार. एक अक्षर बोलणार नाही. तिला आपोआप कळेल, बापानं माफ केलं."

डब्याचं झाकण त्याच्या हातात राहिलं. तिला काय कळेल ते त्याला पक्कं माहीत होतं. तो चेहरा समोरून कसा लागतो हे त्यानं एकदा पाहिलं होतं. एका आगमनकाळात आईनं कुजबुजून भांडणंही थांबवलं होतं. ती वाढायची, उचलायची, प्रार्थनेला हात जोडायची आणि बाबांकडे बघायची, कोऱ्या कपाळानं. हे किती आठवडे चाललं कोण जाणे. एका संध्याकाळी बाबा, खिडकीबाहेर माणसं आहेत म्हणून हसतच, तिला म्हणाले होते, "काहीतरी बोल गं. शिव्या दे. पण बोल." त्यांचे ओठ हसत होते आणि हनुवटी थरथरत होती. आईनं त्यांच्या पानात भाजी वाढली. बाबा त्यानंतरही बरीच वर्षं जगले, पण उपदेशाला पुन्हा कधी उभे राहिले नाहीत.

सांगायला हवं होतं. 'तसं बघू नकोस' एवढं म्हटलं तरी पुरलं असतं, पण भोंग्यानं का म्हणून विचारलं असतं, आणि मग सगळंच सांगावं लागलं असतं: की तू ज्याला देवाची शांती समजलास ती माझी तुच्छता आहे, राजा, तू ज्या दिव्याकडे बघून चालत आलास तो दिवा नव्हे. सांगितलं तर याचा देव जाणार, न सांगितलं तर याची पोरगी जाणार. आणि असल्या पेचात टाकायला देवाला सगळ्या मंडळीतून आपणच सापडावं, याचा त्याला मनस्वी संताप आला. तो जेवला. डबा धुतला. शुक्रवारी काही बोलला नाही. मूग गिळून बसण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

शनिवारी दुपारी ती आली. बापाचाच चौकोनी जबडा. त्यानं सवयीनं तो मनातल्या मनात मापला. मालक बाहेर गेले होते. भोंगा उभा राहिला, मास्क काढला, आणि चेहरा लावला.

"पप्पा," ती म्हणाली. "आले."

भोंग्यानं बघितलं.

"तब्येत बरी आहे ना? वाळलात." ती थांबली. "बाळाला नाही आणलं. म्हटलं, आधी बघू." तिनं टेबलावरचा प्लॅस्टरचा जबडा उचलून परत ठेवला. "हे अजून तसंच करता का तुम्ही, दात जुळवताना स्वतःची जीभ बाहेर काढता?" तिनं हसून पाहिलं. भोंगा हसला नाही. आज त्याला फार सुरेख जमत होतं. पापणीसुद्धा हलत नव्हती.

"बोला ना काहीतरी. असं काय बघताय?"

मशीन बंद होतं. मेणाचा वास खोलीत गच्च भरलेला होता. तो आपल्या टेबलाशी बसून त्या पोरीचा चेहरा बघत होता आणि त्यावर एकेक गोष्ट बंद होत गेलेली त्याला दिसत होती, संध्याकाळी बाजारात एकेक शटर खाली येतं तशी.

"जिन्यात ओरडलात ना, तेव्हा निदान एवढं कळत होतं की मी कुणीतरी आहे तुमची," ती म्हणाली. "येते मी." आणि तिनं पर्स खांद्याला लावली.

"अरे बोल की गाढवा!"

हे कोण ओरडलं, ते त्याला क्षणभर कळलं नाही. भोंग्याच्या तोंडून तर आलं नव्हतं. त्याचा स्वतःचा घसा सोलवटल्यासारखा झाला होता आणि तो उभा होता. "बोल तिच्याशी! शिव्या दे, पण तसं बघू नकोस! त्यात माफीबिफी काही नाही. मी तुला माफ केलं नव्हतं त्या दिवशी. मी तुला गाढव समजत होतो. बोलायच्या लायकीचा नाही समजत होतो. अजूनही समजतो!"

भोंग्याच्या चेहऱ्यावरून तो दुसरा चेहरा पडला, पातळ कालवलेलं प्लॅस्टर साच्यातून निसटावं तसा. "म्हणजे ट्रे पाडल्यापासून तू मला..."

"ट्रेच्या आधीपासून. पहिल्या दिवसापासून."

"आणि मी तुझ्यापायी बायकोशी भांडून चर्चला जायला लागलो?" आवाज चढू लागला. "दोन आठवडे तोंड शिवून बसलो? अरे, माझं पोट बिघडलंय गप्प राहून!" खिडकीची काच थरथरली. "आणि तू गं! इतक्या वर्षांनी येतेस आणि पोराला घरी ठेवून येतेस? आजोबा काय खाणार होता त्याला?"

"तुम्ही मला मेलीस म्हणाला होतात!"

"म्हणालो होतो! मग? म्हटलं म्हणून मरतं का कुणी? एक फोन नाही करता आला?"

"तुम्ही करायचात!"

"मीच केला ना शेवटी!"

ती रडायला लागली होती, आणि रडता रडता बापाइतक्याच मोठ्या आवाजात ओरडत होती. दोघांचे चौकोनी जबडे एकमेकांसमोर वरखाली होत होते. असलं ओंगळ दृश्य त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्या दोघांना तो तिथे आहे याचा विसर पडला होता. थोड्या वेळानं ते भांडतच जिना उतरले. कुणाची चूक जास्त यावर तळमजल्यापर्यंत एकमत झालं नव्हतं. तो बसला. संपूर्ण खोलीत आता फक्त जबडे होते आणि एकाही जबड्याला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

रविवारी तो चर्चला गेला तो सरळ पाळकसाहेबांना सांगायला, की माणूस येणार नाही, माझी पाच मिनिटं रद्द करा. पण समोर बाप्तिस्म्याचा हौद भरलेला होता, चारही मेणबत्त्या पेटल्या होत्या (शेवटची अखेर सेक्रेटरीणबाईंनी स्वतःच पेटवली होती), आणि पहिल्या रांगेत भोंगा बसला होता. शेजारी पोरगी. तिच्या मांडीवर एक बाळ होतं आणि ते आजोबाच्या आवाजाचा वारसा सांगत होतं. भोंग्यानं मागे वळून पाहिलं नाही. हा शेवटून दुसऱ्या बाकावर, भिंतीच्या बाजूला जाऊन बसला. पाळकसाहेबांनी त्याला पुढे यायची खूण केली. त्यानं मान हलवली. पाळकसाहेब मंडळीकडे बघून कौतुकानं हसले, ही नम्रताच म्हणून.

"तुम्हाला इथे कोण घेऊन आलं?" हौदात उभ्या असलेल्या भोंग्याला पाळकसाहेबांनी विचारलं, आणि उत्तर ठाऊक असल्यासारखी शेवटून दुसऱ्या बाकाकडे नजर टाकली. सगळ्या माना वळू लागल्या.

"कुणी नाही," भोंगा म्हणाला. माइक त्याच्यापासून लांब होता. त्यानं काही फरक पडला नाही. "ज्याच्यामुळे आलो होतो तो माणूस भलताच निघाला. रात्रभर झोप नाही मला. मग म्हटलं, दिवा खोटा निघाला म्हणून रस्ता खोटा का? आलोय तर आलोय. घाला पाण्यात."

मंडळी अवघडली. स्टिकरवाल्या गृहस्थांनी खोकल्यासारखं केलं. पाळकसाहेबांनी दुसरं काही सुचेना म्हणून त्याला पाण्यात घातलं. भोंगा वर आला तो नाकातोंडातून पाणी उडवत, धापा टाकत. पोरीनं टॉवेल धरला, तो त्यानं अंग अर्धवट पुसून बाळाच्या डोक्यावर टाकला. गीत सुरू झालं. बाप्तिस्मा घेतलेल्यानं पहिल्या रांगेत बसायचं असतं, सेक्रेटरीणबाई तशा खुणा करत होत्या. भोंगा त्यांच्यासमोरून निथळत गेला, मधल्या वाटेनं पाण्याचा ओघळ सोडत शेवटून दुसऱ्या बाकापर्यंत आला आणि तिथे उभा राहिला. त्यानं याच्याकडे बघितलं. त्या बघण्यात शांतता अजिबात नव्हती. चांगला ठसठशीत राग होता, आणि तो उतरायला बराच काळ लागणार होता.

"सरक," भोंगा म्हणाला.

पलीकडे भिंत होती. एका माणसाला जेमतेम जागा होती. तो सरकला. भोंगा ओल्या कपड्यांनिशी त्याला चिकटून बसला, आणि डिसेंबरातलं ते गार पाणी त्याच्याही पँटीतून आत झिरपलं तेव्हा त्यानं, सगळ्यांच्या देखत, तोंड वेडंवाकडं केलं.